उपासातली तपासणी

रविवारी संध्याकाळी मार अद्दाई या संताच्या चर्चमध्ये पितळेचं ताट फिरलं आणि गल्लीतल्या सातही दारूवाल्यांनी आपापल्या दुकानाची किल्ली त्यात टाकली. बासिमाने टाकली ती सगळ्यांत शेवटी. ताट आधी पुरुषांच्या बाजूला फिरतं, मग बायकांच्या बाजूला येतं, आणि बायकांच्या बाजूला दारूचं दुकान चालवणारी ती एकटीच. चार वर्षांपूर्वी नवरा हुर्मिझ गेला तेव्हापासून ते ताट तिच्या एका किल्लीसाठी मधली वाट ओलांडून येत होतं, आणि दर वर्षी ते धरणारा सेवक तिच्याकडे अशा नजरेने बघायचा की बाई, तुझ्यापायी केवढी पायपीट.

निनवेच्या उपासाचे तीन दिवस, सोमवार ते बुधवार, उत्तर इराकमधल्या आमच्या तेल-शम्मा गावात कोणी दारू विकत नाही. पणजोबांच्या काळात कधीतरी ऐन उपासात दोन भाऊ पिऊन चर्चच्या पायरीवर एकमेकांना भिडले होते. तेव्हाच्या पाद्र्याने सगळ्या दुकानांच्या किल्ल्या मागवून घेतल्या आणि वेदीपाशी ठेवल्या. त्या भावांची नावं आता कोणाला आठवत नाहीत, पण किल्ल्या अजून जातात आणि बुधवारी संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर परत मिळतात. प्रत्येकाच्या घरी दुसरी किल्ली असते हे अबूनांना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, ठाऊक आहे, तेव्हा देवालाही असणारच. बासिमाची तांदळाच्या डब्यात असे. पहिली ताटात पडली की दुसरीला हात लावायचा नाही, एवढीच रीत.

या वर्षी मात्र किल्ली ताटात टाकण्याआधी तिने ती क्षणभर मुठीतच धरून ठेवली. कारण गुरुवारी आलेला कागद.

कागद जिल्ह्याच्या कार्यालयातून आला होता आणि चर्चच्या भिंतीवर नव्हे तर बेकरीच्या दारावर चिकटवला होता, म्हणजे सगळ्यांनी वाचावा. दारूविक्रीच्या परवान्याचं वर्षाचं शुल्क पंधरा लाख दिनारांवरून साठ लाख केलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात होतं ते जास्त वाईट. शुल्क भरण्याआधी तपासनीस स्वतः येऊन दुकान बघणार. दुकान उघडं असावं, माल मांडलेला असावा, मालक हजर असावा. मग तो चिठ्ठी देणार, आणि त्या चिठ्ठीवर आठवड्याभरात पैसे भरायचे. चिठ्ठीवर बुधवारपर्यंतची तारीख नसेल तर परवाना संपला. आणि तपासणीचे दिवस कोणते, तर सोमवार, मंगळवार, बुधवार. कार्यालयातल्या कोणीही आमच्या उपासाचं पंचांग बघितलेलं नव्हतं. किंवा बघितलं होतं. हमरस्त्यावर शहरातल्या एका बड्या व्यापाऱ्याने काचेच्या भिंतींचं, फरशी चकाकणारं दारूचं दुकान थाटलं होतं, त्यामुळे गल्लीत दोन्ही मतांची माणसं होती.

शुक्रवारी सातही जण इशायाच्या दुकानात जमले. इशाया सत्तरीचा, गल्लीतला सगळ्यांत जुना. त्याच्या दुकानात अराकच्या, बडीशेपेच्या कडक दारूच्या, बाटल्यांवर धूळ इतकी की नव्या गिऱ्हाईकाला ती जुनी दारू वाटावी. शलीमूनने विषय काढला. शलीमून चाळिशीचा, भरदार मिशांचा, त्याचं दुकान सातांत मोठं आणि आवाजही. त्याचं म्हणणं, उपास मोडायचा नाही. सातही शटर बंद ठेवायची. एकाचा परवाना रद्द करणं सोपं असतं, सातांचा केला तर बिशपपर्यंत बोभाटा होईल आणि कार्यालय नमेल. मात्र एकानेही उघडता कामा नये. सगळे हो म्हणाले. बासिमाही म्हणाली.

हो म्हणताना तिच्या आणि त्यांच्या ‘हो’मध्ये फरक होता आणि तो फक्त तिलाच माहीत होता, असं तिला वाटलं. बाकीच्यांचा परवाना चुकला तर दंड भरून, चार महिने हेलपाटे घालून तो परत मिळण्यासारखा होता. तिचा नव्हता. तो मुळात हुर्मिझच्या नावाचा. तो गेल्यावर विधवा म्हणून तिच्या नावावर चढवताना कारकुनाने शाईने लिहून ठेवलं होतं, की नूतनीकरणात खंड पडेल त्या दिवशी हा हक्क संपेल. बाईच्या नावाने नवा परवाना निघत नाही. म्हणजे बुधवारची चिठ्ठी नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर बासिमाने काय करायचं? मुलगा सरगोन स्वीडनमध्ये, दर रविवारी फोनवर म्हणायचा, ये निघून. तिथल्या बर्फात ती बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरून दिवसभर पार्किंग बघत बसणार, हे तिने एकदा जाऊन पाहिलं होतं. शुल्काचे पैसे तिने उभे केले होते. हुर्मिझची पिकअप गाडी विकली होती, कोणाला न सांगता. पैशाचं कोडं सुटलं होतं. प्रश्न चिठ्ठीचा होता.

सोमवारी गल्ली बंद होती. सात शटर खाली, त्यांच्यासमोर फेब्रुवारीचा चिखल. बासिमा उपास कडक करायची, बुधवार संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर. घरात नणंद नजीबा चुलीपाशी बसून पोखीनसाठी, उपास सोडताना खायच्या पिठासाठी, सात धान्यं भाजत होती. त्या वासाने उपाशी माणसाचा जीव जातो, पण तिला ते मुद्दाम करायला आवडायचं असं बासिमाचं जुनं मत होतं.

दुपारी इशाया आला. उपासात चहा विचारायचा नाही, म्हणून दोघं हीटरपाशी नुसतेच बसले. तपासनीस आज आला नव्हता. हमरस्त्यावरच्या काचेच्या दुकानातही गेला नव्हता. इशायाचं म्हणणं, तो येणारच नाही, सरकारी माणूस चिखलात बूट घालत नाही. मग इशाया गुडघे चोळत म्हणाला, की साठ लाखांचा अराक विकायला त्याला अजून वीस वर्षं जगावं लागेल आणि बायको त्याला तेवढं जगू देणार नाही. बासिमा हसली. हसताना ओठ फुटला.

जाताना दारात तो थबकला. शलीमूनकडे लक्ष ठेव, म्हणाला. काल रात्री त्याच्या मागच्या दारातून खोकी आत गेली.

“कसली खोकी, अम्मो?”

“मला काय ठाऊक. मी खोकी मोजली, उघडली नाहीत. सहा होती.”

हे इशायाचं नेहमीचं. तो चांगला माणूस होता, पण बातमी त्याच्या तोंडात गोळीसारखी विरघळत राहायची आणि मग कुठेतरी थुंकायला लागायची. बासिमाने ते मनावर घेतलं नाही. निदान झोपेपर्यंत तरी.

मंगळवारी सकाळी नजीबाला रॉकेल आणायला पाठवायचं होतं, पण नजीबाचा गुडघा धरला होता, म्हणून बासिमाच गेली. वळणावर पांढरी गाडी उभी होती, दारावर कार्यालयाचा शिक्का. गाडीच्या खिडकीत शलीमून वाकलेला. आतल्या माणसाशी हळू बोलत होता, तो शलीमून, ज्याचं हळू बोलणंही एरवी बेकरीपर्यंत ऐकू जातं. आतल्याने एक कागद बाहेर दिला. शलीमूनने तो वाचला, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग वर बघितलं आणि त्याला बासिमा दिसली. त्याने मान हलवली. हसला नाही. गाडी गेली.

रॉकेलचा डबा घेऊन ती घरी आली.  फोन उचलावा आणि विचारावं, असंही एकदा मनात आलं. पण काय विचारायचं? तू चोर आहेस का, असं चोराला विचारून तो हो म्हणतो थोडाच.

संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचं लक्ष नव्हतं. योनाची गोष्ट वाचली जात होती, मासा, वादळ, निनवेचे लोक राखेत बसलेले, आणि ती मधल्या वाटेपलीकडे पुरुषांच्या बाजूला शलीमूनची मान बघत होती. प्रार्थना संपली की आमच्याकडे पुरुष पुढच्या दाराने अंगणात जातात आणि तिथे उभं राहून तास तास बोलतात. बायका बाजूच्या दाराने थेट गल्लीत निघतात, घरी चूल असते. बासिमाही चाळीस वर्षं त्याच दाराने निघत होती. गल्लीतून जाताना फाटकाच्या जाळीतून अंगण दिसतं. तिने बघितलं. शलीमून मध्ये, खिशातला तो कागद हातात, आणि पाचही दुकानदार त्याच्याभोवती. तो सांगत होता आणि ते मान डोलवत होते. सहा जण. सातवी जाळीच्या बाहेर.

इशायाची नजर तिच्यावर गेली. त्याने हात वर केला, पंजा उघडा, जसा आपण ‘जा, जा, सगळं ठीक आहे’ म्हणताना करतो, किंवा नुसतं ‘जा’ म्हणताना. तिने ‘जा’ वाचलं.

घरी आल्यावर नजीबाने विचारलं, की चेहरा असा का? बासिमाने सगळं सांगितलं. नजीबाचं म्हणणं, शलीमूनला सकाळी जाऊन सरळ विचार. नाहीतर इशायाला. नाहीतर अबूनांना. बासिमा म्हणाली, काल खोकी, आज कागद, आता सगळ्यांची खुसफुस, आणखी काय विचारायचं शिल्लक आहे? उद्या ते उघडणार, सहाही जण. ठरवून. मला सोडून. सातातली एक बाई गेली तर कोणाचं काय जातं, उलट गिऱ्हाईक वाटून घेता येतं.

“हुर्मिझच्या अंत्ययात्रेला शलीमूनने पेटी खांद्यावर घेतली होती,” नजीबा म्हणाली.

“तेव्हा परवाना पंधरा लाखांचा होता.”

नजीबा धान्य परतत राहिली. रात्रभर बासिमाला त्या धान्याचा वास येत राहिला.

बुधवारी सकाळी साडेनऊला तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. नजीबा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने क्रुसाची खूण केली. एरवी मांजर आडवं गेलं तरी ती तेच करायची, पण बासिमाला ते लागलं.

शटर अर्ध्यावर अडकतं, हे तिला सवयीचं होतं. खालून लाथ मारायची. आज लाथ मारताना अख्ख्या गल्लीने ऐकलं असणार. आत थंडी साचलेली. डावीकडे अराक, मध्ये बियरची खोकी, उजवीकडे लेबनॉनची वाइन, जी फक्त लग्नसराईत जाते. हुर्मिझचा फोटो, त्याखाली परवान्याची चौकट. तिने दिवा लावला, काउंटर पुसला, खुर्चीत बसली. भुकेने कान वाजत होते. समोर इशायाचं शटर बंद. शलीमूनचंही बंद. बंदच राहिलं. दहा वाजले, सव्वादहा वाजले. कोणी उघडत नव्हतं. मग तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की आपण काहीतरी केलं आहे आणि ते बाकीचे करत नाहीयेत. पण शटर खाली ओढायचं तरी पुन्हा तो आवाज. तिने स्वतःला सांगितलं, आणखी पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत पांढरी गाडी आली.

ती गल्लीसाठी आलीच नव्हती. हमरस्त्यावरचं काचेचं दुकान तपासून, चिखल टाळण्यासाठी चर्चच्या मागून वळून ती परत चालली होती. उघडं शटर बघून ती थांबली. आतून उतरला तो पन्नाशीचा, पातळ केसांचा माणूस, काखेत फाइल. हेमिन त्याचं नाव, काक हेमिन, कारण कुर्द अधिकाऱ्याला काक लावल्याशिवाय काम होत नाही. तो दारात उभा राहिला, आत बघितलं, मग पलीकडे सहा बंद शटरांकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान नव्हतं. तो घाबरला होता.

“तुमचं दुकान उघडं कसं?” त्याने विचारलं.

उघडं असावं असा तुमचाच कागद आहे, असं ती म्हणाली. 

तोवर शलीमून धावत आला होता. पायात घरातल्या सपाता, एक चिखलात राहिलेली. त्याच्यामागून इशाया काठी टेकत, आणि एकेक करून बाकीचे. सगळ्यांचे ओठ पांढरे पडलेले, तीन दिवसांचे उपाशी लोक.  

काक हेमिन शलीमूनकडे वळला. तू परवा कार्यालयात येऊन मला काय सांगितलंस, त्याने विचारलं. सातही दुकानं धर्माने बंद आहेत, बुधवारी साडेपाचला मिस्सा सुटला की सातही उघडतील, तेव्हा या. मी वरच्यांकडे तुझ्यासाठी बोललो, तसं लिहून आणलं, तुला प्रत दिली. आता हे एक उघडं आहे. मी वर काय सांगू? एकाचा धर्म वेगळा आहे?

बासिमाला ते शब्द एकेक करून कळले, जसं अंधारात हाताने भिंत चाचपत जावं. साडेपाच. सातही. तसं लिहून आणलं. शलीमूनच्या खिशातला कागद तो होता.

तिने इशायाकडे बघितलं. “मला कोणी सांगितलं?”

इशायाने शलीमूनकडे बघितलं. शलीमूनने तिसऱ्याकडे बघितलं, तो चौथ्याकडे. हे बघणं गोल फिरून परत इशायापाशी आलं. अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सगळे तिथेच होते. सगळे म्हणजे सगळे पुरुष, हे त्या क्षणी सहाही जणांच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण सहाही जण एकदमच खाली बघायला लागले.

“मी जाळीतून हात केला होता,” इशाया पुटपुटला. “म्हटलं शलीमूनने सकाळीच सांगितलं असेल, वळणावर दिसली होती त्याला.”

“मला वाटलं तू सांगशील, तू रोज तिच्याकडे जाऊन बसतोस.” शलीमूनचा आवाज आता बेकरीपर्यंत जात होता. मग तो तिच्याकडे वळला, आवाज खाली आला, आणि सरगोनची आई म्हणून त्याने तिला हाक मारली. “उम्म सरगोन. तुला खरंच वाटलं मी तुला सोडून उघडेन?”

“हो,” ती म्हणाली. “वाटलं.”

शलीमूनच्या मिशा थरथरल्या. 

काक हेमिनने फाइल काउंटरवर उघडली. तो दुष्ट माणूस नव्हता, त्याला घाई होती आणि वरच्यांची भीती होती. त्याने चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि बासिमाच्या नावाची चिठ्ठी भरायला लागला. दुकान उघडं, माल हजर, मालक हजर. बाई, तुमचं काम झालं, म्हणाला, इथे सही करा. बाकीच्या सहांचं मला आता ‘विनाकारण बंद’ असं लिहावं लागेल. एक उघडं असताना धर्माचं कारण मी लिहू शकत नाही, कोणी विचारलं तर माझी नोकरी जाईल. त्यांनी दंड भरून नव्याने अर्ज करावा. त्याने पेन तिच्याकडे सरकवलं.

चिठ्ठी तिच्यासमोर होती. बुधवारची तारीख, शिक्का, फक्त सही बाकी. एवढ्यासाठीच तर तिने तांदळात हात घातला होता. ती सही करील आणि दुकान राहील, आणि उद्यापासून या गल्लीत तिच्याशी कोण बोलेल? आणि नाही केली तर हा माणूस संध्याकाळी येईलच कशावरून? रस्त्यात टायर फुटेल, वरचा साहेब बोलावून घेईल, आला नाही तर बाकीच्यांना दंड आणि तिला काहीच नाही, शून्य, चौथा मजला. तिने पेन उचललं. सहाही जण तिच्या हाताकडे बघत होते आणि एकही तिला नको म्हणाला नाही, हे तिने नंतर त्यांच्या बाजूने मांडलं.

नेमका त्याच वेळी रिझगार आला. रिझगार हा शहराच्या रस्त्यावरचा टॅक्सीवाला, दर बुधवारी एक बाटली न्यायचा, आणि आमच्या उपासाचं त्याला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटायचं. गर्दी सारून तो आत आला, काउंटरवर नोटा ठेवल्या आणि म्हणाला, खाला, अल्लाची कृपा, तू तरी उघडलंस, तीन दिवस या गावात वाळवंट आहे. नेहमीची दे.

बाटली तिच्या हाताच्या अंतरावर होती. काक हेमिन बघत होता. ही विक्री झाली की त्याच्या चिठ्ठीतलं एकेक अक्षर खरं होणार होतं.

बासिमाने पेन खाली ठेवलं आणि नोटा रिझगारकडे परत सरकवल्या.

“उपास आहे. साडेपाचनंतर ये.”

“अगं पण दुकान उघडं आहे.”

“शटर उघडं आहे. दुकान बंद आहे. मी झाडायला आले होते.”

दुकानात झाडू नव्हता. सगळ्यांना दिसत होतं की नाही. उपासात तिने बोललेलं ते एकुलतं एक खोटं, आणि तेही सरकारी माणसासमोर, चर्चच्याच गल्लीत. ती काक हेमिनकडे वळली आणि म्हणाली, की तुम्ही पाहिलंत ना, मी विकलं नाही. विकत नाही ते दुकान उघडं कसं म्हणायचं? सातही बंद आहेत. काल तुम्ही लिहिलंत तेच खरं आहे.

काक हेमिनने पलीकडच्या सहा बंद शटरांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग त्याने भरलेली चिठ्ठी पुस्तकातून फाडली, चुरगळून खिशात टाकली. संध्याकाळी शहरात बैठक आहे, तो म्हणाला. सुटलो तर येईन. ‘तर’ हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. गाडी निघाली. रिझगारही निघाला, काहीतरी पुटपुटत, बहुधा ख्रिस्ती लोकांबद्दल.

शटर तिने खाली ओढलं. या वेळी लाथ शलीमूनने मारली.

दुपार कशी गेली हे तिला पुढे नीट सांगता आलं नाही. ती नजीबाशेजारी जमिनीवर बसली होती आणि धान्य जात्यात घालत होती, मूठ मूठ, आणि दर वेळी गल्लीत गाडीचा आवाज आला की मूठ थांबायची. नजीबाने एकदाच विचारलं, की सही केली असतीस तर? बासिमा पुढची मूठ घालून जातं फिरवत राहिली.

मिस्सा पाच वाजून वीस मिनिटांनी सुटला. ताट फिरलं, किल्ल्या परत आल्या. बायका बाजूच्या दाराकडे वळल्या. बासिमा वळली नाही. ती मधल्या वाटेने सरळ पुढच्या दाराने अंगणात गेली आणि पुरुषांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. अबूनांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. एका म्हाताऱ्याने तिला वाट चुकलीस का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली.

साडेपाचला सातही शटर वर गेली. गल्लीत दिवे लागले, आणि शलीमूनच्या दारात ती सहा खोकी उघडी दिसली, उपास सुटल्यावर मांडायचा माल. लोक पोखीनच्या वाट्या हातात घेऊन खात खात उभे होते, तीन दिवसांनी पोटात काही गेल्यावर माणसं मोठ्याने बोलतात तशी बोलत होती. रिझगार परत आला, बाटली घेऊन गेला. पावणेसहा झाले. सहा. बासिमाच्या हातातली पोखीनची वाटी अजून तशीच भरलेली होती. शलीमून वळणापर्यंत जाऊन दोनदा परत आला. सव्वासहाला इशायाने खुर्ची बाहेर आणून तिच्या दुकानासमोर मांडली आणि त्यावर स्वतःच बसला. फोन करावा का, असं कोणीतरी विचारलं. नंबर कोणाकडेच नव्हता. काल घ्यायचा राहिला.

पावणेसातला गाडी आली. काक हेमिनच्या बुटांना चिखल होता आणि तोंडावर राग, तो कोणावर होता हे विचारायची हिंमत कोणी केली नाही. चर्चच्या बाजूने त्याने सुरुवात केली. एक दुकान, एक चिठ्ठी. इशायाकडे आला तेव्हा धुळीच्या बाटल्यांकडे बघून त्याने भुवया उंचावल्या, पण लिहिलं. बासिमाचं दुकान गल्लीच्या टोकाला, म्हणजे सातवं. तिथे पोचल्यावर त्याने आत न शिरताच पुस्तक उघडलं. तुमचं सकाळी बघितलंय, म्हणाला.

“नाही,” बासिमा म्हणाली. “सकाळी बंद होतं. आत्ता बघा.”

तो थकलेला होता, तरी आत आला. अराक बघितला, बियर बघितली, परवान्याची चौकट बघितली. लिहिलं. तिने सही केली. हाताला अजून जात्याचं पीठ होतं, ते कागदाला लागलं, आणि त्याने ते फुंकरीने उडवलं.

तो गेल्यावर शुल्क काही कमी झालं नव्हतं. साठ लाख ते साठ लाखच. इशायाने आपली चिठ्ठी घडी घालून टोपीत खोचली आणि सांगितलं, की तो भरणार नाही. चिठ्ठी मिळाली नाही म्हणून बंद करणं वेगळं आणि मिळूनही बंद करणं वेगळं, दुसऱ्यात मान आहे. त्याला कोणी समजावलं नाही. सगळ्यांच्या मनात तो हिशेब होताच.

बाकीचे सहा जण शलीमूनच्या दुकानासमोर उभे राहिले. उद्या काय करायचं ते शलीमून सांगत होता. आठ वाजता त्याच्या व्हॅनमधून कार्यालयात जायचं, चिठ्ठी, जुना परवाना, ओळखपत्र, दोन फोटो. बासिमा त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, बोलण्यातला शब्द न् शब्द ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर शलीमून थांबला. मग तो तिच्याकडे वळला, तोंड थेट तिच्यासमोर, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला.

“उम्म सरगोन, उद्या आठ वाजता. माझी व्हॅन. चिठ्ठी आण, जुना परवाना आण…”

बाकीचे चुळबुळ करत उभे राहिले. तिने त्याला मध्ये तोडलं नाही. दोन फोटोंपर्यंत सगळं त्याला सांगू दिलं.